उरलं तर? वर्ल्ड कपच्या माझ्या ३०० टी-शर्टचा हिशोब



मोठी स्पर्धा जवळ आली की माझ्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, जर्सी, टोप्या, झेंडे विकायला घेऊ का? महिनाभरात पैसे डबल होतात म्हणे." सीझनल व्यवसायावरच्या व्हिडिओत मी यावर दोनच मिनिटं बोललो होतो. सगळा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय हा विषय कळत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. आणि हिशोब दुसऱ्या कुणाचा नाही, माझ्याच दुकानाचा आहे.

भाऊबीजेची रात्र

१५ नोव्हेंबर २०२३. भाऊबीज. वानखेडेवर भारत-न्यूझीलंड सेमीफायनल. कोहलीचं पन्नासावं वनडे शतक, शमीच्या सात विकेट, आणि आपण ७० धावांनी जिंकलो. सलग दहावा विजय! साताऱ्यात पोवई नाक्यावर पोरं गाड्या घेऊन फिरत होती. आणि मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मुंबईच्या एका होलसेलरला फोन लावत होतो.

त्याचं कारणही होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी १२० निळे टी-शर्ट आणले होते. एक पीस १९० रुपयांना पडला होता आणि सरासरी ३४० ला गेला. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी शेवटचा पीस विकला. १८,००० रुपये सुटले होते. माझ्यासारख्या छोट्या दुकानदाराला दीड महिन्यात एका आयटमवर १८,००० म्हणजे डोक्यात हवा जायला पुरेसे असतात.

होलसेलर म्हणाला, "आता रेट २३०. पूर्ण पेमेंट आधी. माल परत नाही. २०० साधे 'इंडिया'वाले देतो आणि १०० 'चॅम्पियन्स २०२३' छापलेले. रविवारी रात्री जिंकलो की ते तुम्ही पाचशेला विकाल." बोर्डाच्या चिन्हाची हुबेहूब कॉपीही त्याच्याकडे होती. ती मी घेतली नाही. त्या रात्री तेवढा एकच शहाणपणा केला.

माझे अण्णा गल्ल्यावर बसले होते. त्यांनी तीस वर्षं किराणा दुकान चालवलंय. मी त्यांना उत्साहानं सांगितलं, तीनशे पीस, एवढे सुटतील, तेवढे सुटतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "विकले तर किती मिळतील ते सांगितलंस. उरले तर?"

मी म्हणालो, "अण्णा, सलग दहा मॅच जिंकलोय आपण!"

आता खरं सांगतो, बीबीएला इन्व्हेंटरीवर अख्खं प्रकरण शिकलो होतो. परीक्षेत मार्कही चांगले होते. पण त्या रात्री अण्णांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी मॅचचा स्कोअर सांगितला.

पैसे कुठून आले?

३०० गुणिले २३० म्हणजे ६९,०००. ट्रॅव्हल्सच्या गाडीनं तातडीनं पार्सल मागवलं, त्याचे २,०००. एकूण ७१,०००. यातले ५०,००० भिशीचे होते. त्याच महिन्यात माझा नंबर लागला होता आणि त्या पैशांतून स्वेटर-जॅकेटचा माल भरायचा ठरलं होतं. उरलेले २१,००० पहिल्या लॉटच्या विक्रीतले.

माल शुक्रवारी सकाळी आला. शुक्रवार, शनिवार आणि रविवारी दुपारी दोनपर्यंत, म्हणजे मॅच सुरू होईपर्यंत, ११८ पीस गेले. सगळे ३५० ने. त्यात साधे 'इंडिया'वाले ११२ आणि 'चॅम्पियन्स' फक्त ६. गिऱ्हाईक ते हातात घ्यायचं, बघायचं आणि परत ठेवायचं. एक मावशी तर म्हणाल्या, "आधी जिंकू दे रे बाबा, नजर लागेल." आपलं गिऱ्हाईक जिंकण्याआधी विजयाचा टी-शर्ट घालत नाही, ही साधी गोष्ट मला ७१,००० देऊन कळली.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. १९ नोव्हेंबर, अहमदाबाद. भारत २४० ऑलआऊट. ट्रॅव्हिस हेड १३७. ऑस्ट्रेलिया ४३ षटकांत, सहा गडी राखून विजयी.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा १८२ पीस रॅकवर होते. ८८ साधे, ९४ 'चॅम्पियन्स'. त्या दिवशी त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

आता पूर्ण हिशोब

वही-पेन घ्या आणि माझ्याबरोबर मांडा.

दुसऱ्या लॉटचा खर्च: ७१,०००
मॅचआधीची विक्री, ११८ पीस: ४१,३००
८८ साधे पीस पुढच्या सात महिन्यांत १५० ने: १३,२००
९४ 'चॅम्पियन्स' गॅरेजवाल्यांना पुसायचं कापड म्हणून २० ने: १,८८०
एकूण परत आले: ५६,३८०
तोटा: १४,६२०

पहिल्या लॉटचा नफा १८,०००. त्यातून हा तोटा वजा केला की राहिले ३,३८०. दिवाळीत दहा दिवस एक जादा पोरगा ठेवला होता, त्याचे ३,०००. म्हणजे दीड महिन्याच्या धावपळीतून माझ्या हातात आले ३८० रुपये.

पण खरा फटका या वहीत दिसतच नाही. मॅचआधी आलेल्या ४१,३०० मधून दिवाळीच्या मालाची उधारी आणि दुकानाचं भाडं गेलं. स्वेटरचा माल भरायला पैसे उरले नाहीत. थंडी ऐन भरात असताना माझ्या रॅकवर निळे टी-शर्ट होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका शाळेची १५० ट्रॅकसूटची ऑर्डर आली. कापड आणि शिलाईसाठी हातात ६०,००० हवे होते. मला नाही म्हणावं लागलं. त्या ऑर्डरमध्ये अंदाजे १८,००० सुटले असते. शाळेनं दुसरा माणूस शोधला आणि पुढच्या वर्षीही त्यालाच ऑर्डर दिली.

अडकलेला माल नुसता पडून राहत नाही मित्रांनो. तो पुढच्या धंद्याचे पैसे धरून बसतो.

गणपती हरत नाही

तुम्ही म्हणाल, सर, सीझनचा माल तर आपण सगळेच विकतो. राख्या, मखरं, आकाशकंदील, पिचकाऱ्या. मग यात वेगळं काय?

फरक असा. गणपतीची तारीख ठरलेली असते, ते येणार हे नक्की असतं आणि गणपती हरत नाही. मखर उरलं तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाका, पुढच्या भाद्रपदात निघेल. स्पर्धेच्या मालाचं तसं नाही. तुमच्या मालाचं आयुष्य अशा माणसांच्या हातात असतं ज्यांना तुम्ही ओळखतही नाही. ते कसं, ते एकेक करून बघू.

१. निकाल. २००७ चा वेस्ट इंडिजमधला वर्ल्ड कप आठवा. आपण १७ मार्चला बांगलादेशकडून हरलो, २३ मार्चला श्रीलंकेकडून. पहिल्याच फेरीत घरी. स्पर्धा मात्र २८ एप्रिलपर्यंत चालली. स्पर्धा संपायला महिन्याहून जास्त वेळ बाकी असताना भारताच्या मालाचा सीझन संपला होता. म्हणून स्पर्धेचं शेवटचं तारीखपत्रक बघून माल भरू नका. आपल्या टीमची पक्की ठरलेली शेवटची मॅच कोणती, ती बघा.

२. तारीख आणि जागा. २०२० ची आयपीएल २९ मार्चला सुरू होणार होती. सुरू झाली १९ सप्टेंबरला, तीही यूएईत, रिकाम्या स्टेडियममध्ये. २०२१ ची ४ मे रोजी मध्येच थांबली. टोकियो ऑलिम्पिकच्या नावात २०२० राहिलं, खेळ झाले २०२१ मध्ये, आणि बहुतेक ठिकाणी प्रेक्षकच नव्हते. हे कोरोनाचं झालं म्हणाल, तर २०२५ ची आयपीएल घ्या. ९ मे रोजी थांबली, १७ मे रोजी परत सुरू झाली, आणि फायनल २५ मेला कोलकात्यात होणार होती ती ३ जूनला अहमदाबादला झाली. ईडन गार्डनबाहेर फायनलसाठी माल घेऊन उभं राहायचं ज्यानं ठरवलं असेल, त्याचा विचार करा.

३. डिझाइन. २०२० ते २०२३ या काळात भारतीय टीमचे कपडे बनवणारी कंपनी नाइकीवरून एमपीएल स्पोर्ट्स, मग किलर आणि मग आदिदास अशी बदलली. छातीवरचा स्पॉन्सर २०२३ मध्ये बायजूजवरून ड्रीम-११ झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि ड्रीम-११ चं नावही गेलं. सप्टेंबरचा आशिया कप टीम स्पॉन्सरच्या नावाशिवाय खेळली. मग अपोलो टायर्स आलं. दिल्लीत एक कायदा पास झाला आणि गावोगावच्या रॅकवरची जर्सी जुनी झाली. माझे ८८ साधे पीस २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला निघतील असं वाटलं होतं. तोवर टीमचा नवा, भगव्या बाह्यांचा टी-शर्ट आला होता. पोरं म्हणायची, "दादा, हा जुना आहे."

४. खेळाडू. पाठीवर नाव छापलं की तुमचा धंदा त्या माणसाच्या निर्णयाला बांधला जातो. २९ जून २०२४ ला आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलो आणि त्याच रात्री कोहली आणि रोहित या दोघांनीही आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सोडली. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंत दिल्लीतून लखनौला गेला, २७ कोटींना. दिल्लीच्या जर्सीवर त्याचं नाव छापून ठेवलेल्याचं काय?

५. कायदा. हा मुद्दा सगळे हसण्यावारी नेतात, म्हणून नीट वाचा. टीमची आणि बोर्डाची चिन्हं हे नोंदणीकृत ट्रेडमार्क असतात. खोटं चिन्ह असलेला माल बनवणंच नाही, तर विकणंही गुन्हा आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलमं १०३ आणि १०४: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. 'सगळेच विकतात' हे कोर्टात चालत नाही. विक्रेत्याला स्वतःला वाचवायचं असेल तर आपण योग्य काळजी घेतली होती, शंका यायचं कारण नव्हतं आणि माल कुणाकडून घेतला, हे दाखवावं लागतं. ते पक्क्या बिलाशिवाय कसं दाखवणार? म्हणून बिल न देणाऱ्याकडून एकही पीस घेऊ नका. आणि 'फर्स्ट कॉपी' म्हणून घेतलेल्या मालाला बिलही वाचवत नाही, कारण तो खोटा आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

झेंड्यांचंही तसंच. तिरंग्यावर कोणतीही अक्षरं छापायची नाहीत. रुमाल, नॅपकिन, उशा, अंतर्वस्त्रं, कमरेखाली घालायचे कपडे यांवर तिरंगा छापायचा नाही. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान प्रतिबंध कायदा १९७१ मध्ये यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिरंग्यावर टीमचं नाव छापून विकायची कल्पना कुणी सुचवली, तर हात जोडून नको म्हणा.

अण्णांच्या प्रश्नाचं गणित

आता मुख्य मुद्दा. 'उरलं तर?' याचं उत्तर काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. तीन आकडे लिहा:

एक, पीस दुकानात येईपर्यंत कितीला पडला.
दोन, सीझनमध्ये कितीला विकाल.
तीन, सीझन संपल्यावर कुणीही डोळे झाकून कितीला घेईल.

तिसरा आकडा लिहिताना स्वतःशी खोटं बोलू नका. साध्या टी-शर्टसाठी मी आता १०० धरतो.

माझा पहिला लॉट: पडला १९०, विक्री ३४०, उरला तर १००. विकलेल्या पीसवर नफा १५०, उरलेल्यावर तोटा ९०. आता तोट्याला नफा-तोट्याच्या बेरजेनं भागा. ९० भागिले २४० म्हणजे साडेसदतीस टक्के. १२० पैकी ४५ विकले की मी वाचलो.

दुसरा लॉट: पडला २३७, विक्री ३५०, उरला तर १००. नफा ११३, तोटा १३७. १३७ भागिले २५० म्हणजे जवळपास ५५ टक्के. ३०० पैकी १६५ विकले तर फक्त बरोबरी! मी विकले ११८. आणि 'चॅम्पियन्स' टी-शर्टची उरल्यावर किंमत २०. म्हणजे नफा ११३, तोटा २१७. शंभरातले ६६ विकल्याशिवाय मुद्दलही सुटत नाही.

बघा, रेट फक्त ४७ रुपयांनी वाढला होता. पण एक पीस उरला तर होणारा तोटा एक पीस विकून मिळणाऱ्या नफ्यापेक्षा मोठा झाला. सीझनच्या शेवटी माल महाग मिळतो आणि विकायला दिवस थोडे असतात. तरी आपल्याला सगळ्यात जास्त आत्मविश्वास तेव्हाच असतो, कारण पहिला लॉट नुकताच संपलेला असतो. नवा दुकानदार इथेच सापडतो. मीही सापडलो.

मग करायचंच नाही का?

करायचं. मी अजूनही करतो, पण रीत बदलली आहे.

एक: वर्ष, निकाल आणि खेळाडूचं नाव आधी छापत नाही. छापलं की मालावर एक्स्पायरी डेट छापली. साधा निळा टी-शर्ट शाळेला, मंडळाला, जिमला कधीही जातो.

दोन: माल लहान लॉटमध्ये घेतो आणि शेवटचा लॉट सेमीफायनलच्या आधी. सेमीफायनल आणि फायनलच्या मध्ये एकही पीस माझ्या पैशानं घेत नाही. कुणाला हवाच असेल तर अर्धा अ‍ॅडव्हान्स.

तीन: होलसेलरला आधी विचारतो, "जांगड द्याल का?" म्हणजे विकला तर पैसे, नाही तर माल परत. बरेच जण नाही म्हणतात. पण १०-१५ रुपये जास्त घेऊन हो म्हणणाराही भेटतो. वरचं गणित एकदा मांडलं की ते १५ रुपये महाग वाटत नाहीत. आणि परत घेण्याची बोली बिलावर लिहून घेतो, तोंडी नाही.

चार: भिशीचे, भाड्याचे, पुढच्या सीझनच्या मालाचे पैसे यात घालत नाही. जेवढे पूर्ण बुडाले तरी दुकानाचं शटर वेळेवर उघडेल, तेवढेच.

पाच: चिन्हाचा माल हवा असेल तर परवानाधारकाकडूनच, टॅग आणि पक्क्या बिलासह. मार्जिन कमी मिळतं, पण रात्री झोप लागते.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. दुसऱ्या दिवशी मुलींच्या एका क्रिकेट क्लबचे कोच दुकानात आले. "चाळीस टी-शर्ट हवेत, मुलींच्या मापाचे." माझ्याकडे त्या मापाचा एकही पीस नव्हता. हीदेखील चूकच, वर्षानुवर्षं आपण पुरुषांचेच एल आणि एक्सएल भरतो. पण यावेळी मी घाबरलो नाही. मापं लिहून घेतली, अर्धा अ‍ॅडव्हान्स घेतला, साधे निळे पीस मागवले आणि गावातल्याच प्रिंटरकडून क्लबचं नाव छापून चौथ्या दिवशी दिले. ते बघून आणखी २४ जणींच्या ऑर्डर आल्या, त्याही अ‍ॅडव्हान्सवर. ६४ पीस, २१० ला पडले, ३२० ला दिले. ७,०४० रुपये सुटले आणि रॅकवर उरले शून्य.

२०२३ मध्ये ४२० पीस हाताळून ३८० रुपये. २०२५ मध्ये ६४ पीसवर ७,०४०. दुसऱ्या वेळी मी मॅच ओळखण्यात हुशार झालो होतो असं नाही. मॅच कोण जिंकणार यावर माझे पैसे लागलेलेच नव्हते.

संध्याकाळी अण्णांना हिशोब दाखवला. त्यांनी चष्मा लावून वही बघितली, 'उरले' या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता बरोबर."

पुढची स्पर्धा येण्याआधी एक काम करा. तुम्हाला विकायचा एक आयटम निवडा, ते तीन आकडे लिहा आणि किती टक्के विकले की तुम्ही वाचता ते काढा. टक्केवारी पन्नासच्या वर आली तर ऑर्डर निम्मी करा किंवा जांगड मागा. आणि घरात अण्णांसारखं कुणी असेल, तर त्यांना विचारूनच होलसेलरला फोन लावा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जपून करा, पण करा!